सातव्या फुलाची पाकळी

नागपूरच्या मे महिन्यात दोनच माणसं गळा झाकून फिरतात, एक आजारी आणि दुसरा चोर, असं रंभाबाई म्हणायची. म्हणूनच तिची लेक चंद्रकला बाहेर पडताना सुती शेला गळ्याभोवती घट्ट लपेटून, मान खाली घालून चालायची. आजारी म्हणून कळण्यापेक्षा चोर ठरलेलं परवडलं, असं त्या घरात ठरलं होतं. लग्नाची मुलगी होती ना!

साल अठ्ठावन्न. महिन्याचा पहिला शनिवार. सीताबर्डीवर रुपराव कंपाउंडरच्या औषधाच्या दुकानात मुंबईचं पार्सल याच दिवशी फुटायचं, आणि चंद्रकलेच्या गोळ्या त्यातच असायच्या. बाकावर ती बसली होती, शेजारी एक म्हाताऱ्या बाई होत्या, आणि बाकाच्या पार त्या टोकाला एक उंच तरुण. डोक्यावर पंखा गरगरत होता. चंद्रकलेच्या अंगावर काटा आला.

"रुपरावभाऊ, पंखा बंद करा नं…"

"नका करू!" टोकावरून आवाज आला.

चंद्रकलेनं मान वळवली. पांढरा सदरा, काखेत एक लांबट वही, आणि सदऱ्याची गुंडी थेट गळ्यापर्यंत लावलेली. कपाळावरून घामाच्या धारा.

"बाहेर एकशे चौदा डिग्री हाय बाई," तो म्हणाला. "आन् तुमाले थंडी वाजून राहिली?"

"वाजते. तुमचं काही अडलं काय?"

"माझं नाई अडलं. पंख्याचं अडलं. त्यानं बिचाऱ्यानं कोणाचं ऐकावं?"

"एवढं गरम होते तं गळ्याची गुंडी उघडा नं. फुकटची हवा लागन."

त्याचा हात गळ्याकडे गेला… आणि तिथंच थांबला. "ते… ते नाई जमत," तो पुटपुटला. उठला, दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला आणि वहीनं वारा घेऊ लागला. रुपरावनं पंखा बंद केला. म्हाताऱ्या बाई तोंडाला पदर लावून हसल्या.

इथवर ठीक होतं. पण चंद्रकलेच्या लक्षात आलं, हा माणूस आपल्याकडे बघतोय. तोंडाकडे नव्हे, गळ्याकडे! बघितलं की वहीत काहीतरी खरडायचा, मान वर करायचा, पुन्हा बघायचा. बाई गं! शेला तिनं हनुवटीपर्यंत ओढला, तर तो आणखीच रोखून बघायला लागला.

काय लपवत होती ती? गळ्याच्या खाली, बरोबर मधोमध, सुपारीहून जरा मोठी सूज. दोन वर्षांपूर्वी ती आली, आणि तिच्यासोबत बाकी सगळी वरात. केस हातात येऊ लागले. आवाज घोगरा झाला. देवराव कोष्ट्याला मुलगा नव्हता, म्हणून त्यानं लेकीलाच मागावर बसवलं होतं. असा हात होता पोरीचा की पेठेतले म्हातारे विणकर काठ बघायला यायचे. तीच पोर धोटा हातात धरून डुलक्या घेऊ लागली. आळशी झाली, माजली, कोणाची नजर लागली… जो तो आपलं पदरचं सांगायचा. शेवटी देवराव तिला सुमतीबाई डॉक्टरणीकडे घेऊन गेला.

सुमतीबाईंनी गळा चाचपला, डोळे बघितले आणि सरळ सांगितलं, "गळ्यातल्या या ग्रंथीवर अंगाची सगळी ऊब चालते. विलायतेत आता असं म्हणतात की या रोगात अंगाचे पहारेकरीच बिघडतात. घरच्याच माणसाला चोर समजतात आणि बडवत सुटतात. पोरी, तुझं अंग संशयी झालंय. संशय काढायचं औषध माझ्याकडे नाही. पण मार खाऊन ग्रंथीचं जे काम अडतं, ते गोळीनं भागतं. रोज सकाळी, उपाशीपोटी, जन्मभर. एक दिवस चुकवायची नाही."

"कशाची असते गोळी?" रंभाबाईनं विचारलं.

"जनावराच्या गळ्यातली हीच ग्रंथी वाळवून केलेली."

रंभाबाईनं कानावर हात ठेवले. पण लेक रोज गोळी घेऊ लागली आणि सव्वा महिन्यात मागाचा खटखटाट पुन्हा सुरू झाला, तेव्हा ती गप्प बसली. मात्र बजावलं एवढंच, "कोणाले सांगशील तं याद राख. कोणाले म्हणजे कोणालेच नाई."

त्यात उमरेडची अनुसया आत्या स्थळ घेऊन आली. मुलगा शाळामास्तर, घरची शेती. "पण ते लोक भारी चिकित्सक हायेत वं वहिनी," आत्या म्हणाली. "आधी गुपचूप माणूस धाडतात, आतापावेतो धाडला बी असन. पोरगी कशी, कुठं जाते, काय खाते… सारं पाह्यतात. मंगच कुंकू लावाले येतात."

झालं. चंद्रकलेच्या डोळ्यांपुढे ती लांबट वही उभी राहिली.

जूनमध्ये तो होताच. जुलैतही होता. जुलैत तो बाकावर एक हात अंतर सोडून बसला.

"तुमी कुठल्या?" त्यानं विचारलं.

"तुमी कुठचे ते सांगा आधी."

"मी उमरेडचा. ईश्वरदास माझं नाव."

उमरेड! चंद्रकलेचे दात एकमेकांवर बसले. घ्या, चोरानं स्वतःच मुद्देमाल दाखवला.

"आन् तुमचं?"

"शोभा," ती ठसक्यात म्हणाली.

"चंद्रकलाबाई, तुमची बाटली," रुपरावनं नेमकी त्याच क्षणी हाक मारली.

ईश्वरदास हसला नाही. हसू दाबताना त्याचे कान मात्र लाल झाले. "शोभा चांगलं नाव हाय," तो म्हणाला. "चंद्रकला जास्त चांगलं हाय."

"नावं तपासाले ठेवलं का तुमाले कोणी?"

"नाई बाई. एक इचारू? हा शेला तुमीच विणला नं? कोणत्या साली? आन् सुरुवात कोणत्या टोकाकडून केली, या का त्या?"

हे असलं कोणी विचारतं का? ना पाऊसपाणी, ना ख्यालीखुशाली… एकदम कोर्टातली उलटतपासणी! "आजीनं विणला, शंभर वर्षांखाली," असं फेकून ती बाटली घेऊन निघाली. पण खरं सांगायचं तर, रिक्षात बसल्यावर तिला त्या लाल कानांचं हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. हेराचे कान लाल झाले काय अन् पिवळे झाले काय, आपल्याला काय करायचंय!

बरं, मन मोकळं करायला माणूस तर पाहिजे. ते होतं बाकावरच, यमुताई. त्याच त्या म्हाताऱ्या बाई. गुडघ्याच्या तेलासाठी यायच्या, आवळ्याची सुपारी द्यायच्या, आणि बोलायच्या असं की साखरेनं लाजावं. "माय वं, किती सोसतं लेकरू!" म्हणून त्यांनी पाठीवर हात फिरवला आणि चंद्रकलेनं सगळं सांगून टाकलं. गळ्याची सूज, जनावराची गोळी, मागावरची झोप, आणि आईनं बाटली पाहुण्यांपासून लपवायला कांड्यांच्या टोपलीत, सुताच्या खाली ठेवायला लावली तेही. पायरीवर बसलेल्या ईश्वरदासाकडे बोट दाखवून तिनं कुजबुजतच विचारलं, "ताई, तो माणूस हेर वाटते नं तुमाले?"

"वाटते बाप्पा," यमुताई म्हणाल्या. "त्याच्यापासून जपून राह्य."

सप्टेंबरात रंभाबाईनं फर्मान काढलं. सीताबर्डीवर जाणं बंद, गोळ्या बंद. "लगन होईस्तोवरच वं माय. अक्षता पडल्या की खा मनसोक्त."

"डॉक्टरीणबाई नाई म्हणाल्या होत्या," चंद्रकला म्हणाली.

"डॉक्टरीणबाई तुले नवरा पाहून देणार हाय काय?"

पहिला महिना काही झालं नाही. दुसऱ्या महिन्यात थंडी हाडात शिरली. मग पापण्या जड झाल्या, पाय सुजले, आवाज पुन्हा फाटला. एका दुपारी मागावर बसल्या बसल्या ती झोपली आणि ताण्याचे चाळीस धागे तोडून बसली. देवरावनं एकही शब्द न काढता ते एकेक करून जोडले. त्याच्या त्या न बोलण्याचंच तिला रडू आलं. आणि नवल म्हणजे त्या झोपेतही तिला एकच विचार येत राहायचा, पहिला शनिवार आला असेल का? तो पायरीवर बसला असेल का?

डिसेंबरात आत्या आली ती तोंड पाडूनच.

"नाई म्हणाले ते. पोरीच्या गळ्यात रोग हाय म्हणतात. जनावराच्या गोळ्या खाते म्हणतात. आन् बाटली कांड्यांच्या टोपलीत दडवते म्हणे!" आत्यानं पदरानं डोळे पुसले. "तिथपावेतो माहीत हाय त्याहिले. माझं नाक कापलं."

रंभाबाई मटकन खाली बसली. चंद्रकला मात्र उठली. अंगात उभं राहायची ताकद नव्हती, पण राग हाही एक टॉनिकच असतो. दुसऱ्याच दिवशी पहिला शनिवार होता.

ईश्वरदास पायरीवरच होता. ती दिसताच असा झटकन उठला की वही खाली पडली.

"तीन महिने… कुठं होत्या तुमी? रुपरावले मी दर खेपेले इचारलं. चेहरा किती सुजला तुमचा! गोळ्या सोडल्या काय?"

"पोचवलं नं सारं उमरेडले?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "गळा पाह्यला, वहीत लिहिला आन् पोचवला. किती पैसे भेटले? मोडलं माझं लगन. आता तरी पोट भरलं काय तुमचं?"

दुकानातली माणसं वळून बघू लागली. ईश्वरदासाचा चेहरा पांढरा पडला.

"मी… लगन? मले काईच माहीत नाई बाई."

"मंग माझ्या गळ्याकडे काहून पाह्यत होते?"

त्यानं गळ्याची गुंडी काढली. मग दुसरी. गळ्याखालच्या हाडांच्या जरा वर, या कानाच्या दिशेकडून त्या कानाच्या दिशेकडे, गळ्याला वळसा घालून एक व्रण गेला होता, शिवणीसारखा सरळ.

"तीन सालाआधी कापला," तो हळूच म्हणाला. "माझी ग्रंथी तुमच्या उलटी चालली होती. धावत सुटली होती. आमी बी कोष्टीच. मी बी मागावर बसत होतो. पण हात असे थरथरायचे की ताणा टिकायचा नाई. साऱ्या गावानं ठरवलं, पोरगा दारू पेतो. बापानं बी माझं तोंड हुंगून पाह्यलं. मंग इथं मोठ्या दवाखान्यात कापला. आता थोडीच उरली हाय, म्हणून मले बी गोळी लागते. तुमचीच. अर्धी."

रुपराव आतून म्हणाला, "खरं हाय ते. एकाच डब्यातून देतो मी दोघाले."

चंद्रकला बाकावर बसली. पण संशय काही एका दिवसात उतरणारा ताप नाही. व्रण असेना का! व्रण असलेला माणूस चुगली करत नाही असं कुठं लिहिलंय?

"मंग टोपलीचं कसं कळलं त्याहिले?" ती म्हणाली. "कांड्यांच्या टोपलीत…"

आणि ती थांबली. टोपलीचं ती याला कधी बोललीच नव्हती. घरच्या तिघांपलीकडे ते एकाच माणसाला माहीत होतं.

"रुपरावभाऊ… यमुताई कुठं हायेत?"

"त्या? त्या नाई येत आता. उमरेडच्या मास्तराच्या मावशी नं त्या. इथलं काम झालं म्हणे."

बाकावर, अगदी शेजारी! आवळ्याची सुपारी देत! चंद्रकलेनं कपाळावर हात मारून घेतला. आपल्या अंगाचे पहारेकरी बिघडले ते बिघडले, डोळ्यांचेही बिघडले होते. चोराला मांडीवर घेतलं आणि घरच्या माणसाला बडवत सुटले. 'घरच्या'? हा शब्द मनात कुठून आला म्हणून ती दचकली, आणि तिचेच कान गरम झाले.

"चुकलं माझं," ती खाली बघत म्हणाली. "पण मंग ती वही?"

त्यानं जमिनीवरची वही उचलली, झटकली, आणि तिच्या हातात दिली. चौकटीचौकटीचा कागद. कोष्ट्याच्या पोरीला तो काय ओळखू येत नाही? काठाचे नकाशे होते. हात स्थिर झाल्यापासून ईश्वरदास सुताच्या सोसायटीसाठी काठ काढून द्यायचा. पहिल्या पानावर तिच्या शेल्याचा काठ होता, रुईफुलांचा. दुसऱ्यावर तोच. पाचव्यावरही तोच. प्रत्येक ठिकाणी सहा फुलं भरलेली, आणि सातव्याला एक पाकळी नाही.

"अवो पण… ही चूक हाय!" ती म्हणाली. "आजारी होती मी तवा. सहा फुलांपावेतो डोळे उघडे राह्यचे, सातव्याले झोप लागे. कोणी घेतला नसता, म्हणून हा शेला मलेच ठेवला."

"माहीत हाय. म्हणून तं इचारलं, कोणत्या टोकाकडून सुरू केला. एका टोकाकडून पाह्यलं तं फुलं पुरी हायेत. मंग पाकळी गळते. मंग दर सातव्याले गळते." तो अडखळला. "पह्यल्या दिवशी गळा पाह्यला म्या, खोटं नाई बोलत. तसली सूज मी ओळखतो. पण मंग काठ पाह्यला… आन् मंग काठच पाह्यत राह्यलो. वाटलं, या बाईले झोप येते, तरी सातव्याच्या पुढं आठवं फूल पुरं करते. कोण हाय ही?"

बाहेर टांग्याची घंटी वाजत गेली. ती वहीच्या पानावर बोट फिरवत राहिली.

"मास्तराचं मोडलं, तं…" तो म्हणाला आणि थांबला. मग एका दमात, "मी इचारू काय?"

तिनं मान वर केली. जुना पहारेकरी पुन्हा जागा झाला होता. "दया येऊन राहिली काय माझी? एका रोग्याले दुसऱ्या रोग्याची?"

"दया आली असती," ईश्वरदास म्हणाला, "तं नकाशात पाकळी भरून काढली असती म्या. नाई भरली."

चंद्रकलेच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या लोकांनी तिला बरी करायचं, झाकायचं, सुधारायचं ठरवलं होतं. जशी आहे तशी चौकटीत मांडून ठेवणारा हा पहिलाच. तिला हो म्हणायचं होतं. अगदी आत्ता, या बाकावर. पण पापण्या पुन्हा मिटू लागल्या होत्या.

"आज नाई सांगत," ती म्हणाली. "तीन महिन्यांची गोळी चुकली माझी. आता मी अर्ध्या झोपेत हाय. अर्ध्या झोपेत हो म्हटलेलं कोणी धरू नये. मार्चाच्या पह्यल्या शनिवारी या."

"मंग सांगशान?"

"जागी राह्यली तं सांगीन."

त्या संध्याकाळी तिनं गोळ्यांची बाटली टोपलीतून काढून मागाच्या वरच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. रंभाबाईनं तोंड उघडलं. देवराव म्हणाला, "राहू दे तिथंच." आजवर बायकोपुढे तो पहिल्यांदाच बोलला असेल. पुढचे दोन महिने गोळ्याही तोच जाऊन घेऊन आला.

मार्चातली सकाळ. ऊन तापू लागलं होतं. ईश्वरदास दुकान उघडायच्याही आधी पायरीवर येऊन बसला होता. नऊ वाजले. दहा वाजले. त्याच्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. आली नाही तर? घरच्यांनी तिचं मन वळवलं असेल तर? मुंबईचं पार्सल फुटलं, तरी तिचा पत्ता नाही. संशय म्हणजे काय चीज असते ते त्या तासाभरात त्यालाही कळलं.

मग रिक्षा थांबली. चंद्रकला उतरली. गळ्यावर शेला नव्हता. सूज अजून होती, जराशी, आणि तिनं ती झाकली नव्हती. मागून देवराव उतरला, दुकानासमोरच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला आणि रस्त्यावरच्या सायकली मोजत असल्यासारखं करू लागला.

"उशीर झाला," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. असा आवाज तो कित्येक महिन्यांनी ऐकत होता.

तिनं पिशवीतून नवं कोरं कापड काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. पांढरं अंग, लाल काठ, रुईफुलं. त्यानं बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन… सहा. सातव्यावर बोट थांबलं. पुढच्या सातव्यावर थांबलं. त्याच्याही पुढच्या.

"पाकळी नाई," तो हळूच म्हणाला. "पुन्हा… पुन्हा झोप लागली तुमाले?"

"नाई. टक्क जागी होती मी," चंद्रकला म्हणाली. "मोजून सोडली एकेक."

त्यानं वर बघितलं. कान लाल झाले होते, पार गळ्याच्या व्रणापर्यंत. गुंडी आज उघडीच होती.

"मंग… इचारू?"

"इचारायचं ते तिथं झाडाखाली बाबा उभे हायेत, त्याहिले इचारा," ती म्हणाली. "मी तं माझं विणून सांगितलं."

तो उठला, कापड छातीशी धरून भर रस्ता ओलांडत निघाला. चंद्रकला बाकावर बसली आणि रुपरावला म्हणाली, "भाऊ, पंखा लावा नं जरा."